कोणाच्या घरचं यंत्र?

सर्वप्रथम निषेध.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे "आपल्या प्रदीर्घ सेवेतील काही हृद्य आठवणी" मागितल्या आहेत. माझी सेवा सहा वर्षांची. ती प्रदीर्घ वाटते ती फक्त मला आणि माझ्या मानेला. हृद्य म्हणाल तर त्यात एक खर्रा आहे, एक नारळ आहे आणि दोन चुका आहेत. चुका माझ्या आहेत. पण ज्यांच्या सेवा खरोखर प्रदीर्घ असतात ती मंडळी कंप्युटरवर कधी लिहीत नाहीत. "आमच्या वेळी हे नव्हतं" एवढं वाक्य टाकतात आणि कुठल्यातरी साहेबाच्या निरोप समारंभाकडे वळतात. म्हणून ही जागा मी बळकावते आहे.

माझं लेखनाचं शिक्षण पत्रकांवर झालं. कॉलेजच्या वसतिगृहात पाण्याच्या टाकीत पाल सापडली तेव्हा पहिलं पत्रक काढलं. वर मोठा मथळा, खाली तीन मागण्या, शेवटी "संघटित व्हा". वॉर्डननं पाल काढली, झाकण बसवलं नाही, दुसरी पाल पडली, दुसरं पत्रक निघालं. अशी मी शिकत गेले. त्यामुळे मला हळूच सांगणं जमत नाही, मथळ्यानंच सुरुवात होते. तर मथळा असा: यंत्राच्या शब्दावर माणसाला दोषी धरू नका.

मी नागपुरातल्या एका वधू-वर सूचक मंडळात सिस्टीम अ‍ॅडमिन आहे. मंडळाचं नाव लिहीत नाही, कारण उद्या सकाळी तिथंच जायचं आहे. शहरातल्या महाल भागात मुख्य कार्यालय, आणि जरीपटका, कळमेश्वर, उमरेड, पारशिवनी अशा चार शाखा. मुख्य कार्यालयात जिन्याखालच्या खोलीत एक मोठा कंप्युटर बसवलाय, त्याला सगळे "थोरला" म्हणतात. लग्नाच्या सगळ्या मुलामुलींचे बायोडाटा, अगदी जुने कागदीसुद्धा टाईप करून, थोरल्याच्या पोटात. शाखेतल्या बाईंनी सकाळी आपला कंप्युटर उघडायचा, तिथूनच थोरल्यात शिरायचं, नवे बायोडाटा टाकायचे, जुने दुरुस्त करायचे, ज्यांचं जमलं त्यांच्यावर हिरवी खूण करायची. हे शिरणं बंद नळीतून होतं. वाटेत कोणी कान लावला तर त्याला नुसती खरखर ऐकू येते. नळीबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार दाराबद्दल आहे. आत येणारा माणूस कोण, हे थोरल्यानं ओळखायचं कसं?

मी रुजू झाले तेव्हा पासवर्ड होते, आणि ते भिंतीवर होते. उमरेडचा कॅलेंडरवर, कळमेश्वरचा देवाच्या फोटोखाली. मी भडकले. पत्रक क्रमांक एक छापलं, "पासवर्ड भिंतीवर लिहू नका", आणि स्वतः एसटीनं हिंडून चारही शाखांत वाटलं. महिन्याभरानं पारशिवनीला गेले तर माझं पत्रक टेबलाच्या काचेखाली जपून ठेवलेलं. मला भरून आलं. जवळ जाऊन पाहिलं तर ते उलटं ठेवलं होतं, आणि मागच्या कोऱ्या बाजूवर सुवाच्य अक्षरात पासवर्ड. वर जुने तीन खोडलेले.

"ताई, हे काय?"

"तुह्याच कागद हाय नं," कुंदाताई म्हणाल्या. "पाठकोरा होता. भिंतीवर कुठी लिहिलं मी?"

कुंदाताई म्हणजे पारशिवनी शाखा. ती शाखा त्यांनीच उघडली, त्याच झाडतात, त्याच चालवतात. आजूबाजूच्या खेड्यांतलं कोण कोणाला साजेल हे त्यांना कंप्युटरच्या आधी कळतं. मला त्या पहिल्या भेटीत "मॅडम" म्हणाल्या, दुसऱ्या वाक्याला "पोट्टी" म्हणाल्या आणि तेव्हापासून वैशू म्हणतात.

पासवर्ड शेवटी बंद झाले ते माझ्या पत्रकानं नव्हे, अध्यक्षांच्या विसरभोळेपणानं. आमचे अध्यक्ष काकासाहेब. मंडळ त्यांच्या वडिलांनी काढलेलं. माणूस वाईट नाही, पण खर्रा खातात. नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी: सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून, घासून घासून एकजीव करतात, तो खर्रा. तो गालात धरला की माणसाला मान वर करून बोलावं लागतं, आणि ओठांना लागणारी अक्षरं बाहेर येत नाहीत. काकासाहेबांचे निम्मे आदेश आम्ही अंदाजानं पाळतो. एकदा त्यांनी "पाकिटं" मागितली आणि आम्ही काकड्या आणून दिल्या. त्यांनी त्या खाल्ल्यासुद्धा.

तर काकासाहेब स्वतःचा पासवर्ड एका आठवड्यात चारदा विसरले आणि छताकडे पाहत म्हणाले, "हे 'ंद कर. सो'ं कर." म्हणजे बंद कर, सोपं कर.

मी सांगितलं, प्रत्येक माणसाला त्याची स्वतःची किल्ली देऊ. फाईलच असते ती, पण ज्याची त्याच्याकडे, आणि तिलाही एक गुप्त वाक्य. काकासाहेबांनी मान हलवली. पुन्हा वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर पासवर्डनं काय घोडं मारलं होतं?

मग उरला तिसरा मार्ग, आणि तो मी केला. इंग्रजीत त्याला होस्ट-बेस्ड ऑथेंटिकेशन म्हणतात. मी त्याला "घर पाहून आत घेणे" म्हणते. लग्नात मुलाकडची बस येते तेव्हा दारावरचा माणूस काय करतो, आठवा. बसवरची पाटी वाचतो. कळमेश्वरची? या, या. मग त्या बसमधून जो उतरेल त्याला सरबत. तो म्हणाला मी नवऱ्याचा मामा, की झाला मामा. इथंही तसंच. प्रत्येक यंत्राची स्वतःची एक गुपित किल्ली असते आणि थोरल्याकडे भरवशाच्या यंत्रांची यादी असते. पारशिवनीचं यंत्र येतं, किल्लीनं स्वतःची ओळख पटवतं आणि म्हणतं, "मी पारशिवनी. माझ्यापुढे बसल्यात त्या कुंदाताई." थोरला यंत्राला तपासतो. माणसाला तपासत नाही. माणसाबद्दल यंत्र सांगेल ते प्रमाण.

हे करताना माझा जीव जळत होता. मंडळात फोन वाजला की पहिला प्रश्न तोच असतो, "कोणाच्या घरचे?" पोरगी शिकली किती, बोलते कशी, तिला पोहता येतं की नाही, ते नंतर. आधी घर. या प्रश्नाविरुद्ध मी दोन पत्रकं काढली होती, आणि आता तोच प्रश्न मी माझ्या हातानं यंत्राला शिकवत होते. मनाच्या समाधानासाठी मी पत्रक क्रमांक सात छापलं: "सावधान. भरवशाच्या यंत्राचा ताबा ज्याच्याकडे, तो कोणाचंही नाव लावून आत येऊ शकतो." आणि ते काकासाहेबांच्या दारावर चिकटवलं. हे पत्रक वाचकांनी लक्षात ठेवावं. पुढे ते चावलं.

आता नावाची भानगड. थोरला थोडा संशयी आहे. यंत्र आपलं नाव सांगतं ते ऐकतो, आणि ते ज्या पत्त्यावरून आलं त्या पत्त्यापुढे नेटवाल्याच्या वहीत कोणाचं नाव आहे तेही पाहतो. दोन्ही जुळली तरच आत. पारशिवनीचं नाव मराठीत एक आहे, इंग्रजीत मात्र ज्याच्या त्याच्या मर्जीनं. सरकारी कागदावर वाचलं तर पार्सेओनी होतं, आपण लिहिलं तर पारशिवनी. काकासाहेबांनी तोंड भरलेलं असताना मला नावं सांगितली होती, त्यांच्या उच्चारात र आणि शि आणि बरंच वारं होतं, म्हणून मी माझ्या मनानं पारशिवनी टाकलं. वहीत होतं पार्सेओनी.

सकाळी फोन. "वैशू, थोरला मले घरात घेऊन नाही राहिला वं."

"काय म्हणतो?"

"म्हणते, मी तुले ओळखत नाही. काहून ओळखत नाही? सात वर्षं झाले मी त्याच्यात बायोडाटे भरून राहिली."

मी यंत्राचं नाव बदलून पार्सेओनी केलं. मोठ्या समाधानानं जेवायला बसले. त्याच दुपारी कुंदाताईंनी, मदत म्हणून, नेटवाल्याला फोनवर झापून वहीतलं नाव बदलून पारशिवनी करून घेतलं होतं. आता यंत्र म्हणे पार्सेओनी आणि वही म्हणे पारशिवनी. मी चिडून यंत्राचं पुन्हा पारशिवनी केलं. तोवर नेटवाल्यानं, बाई चिडल्यात म्हणून, जुनंच परत टाकलेलं. असं तीन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी मी थोरल्यात एक ओळ बदलली. त्या ओळीचा अर्थ असा: वही उघडू नकोस, यंत्र स्वतःचं जे नाव सांगेल ते खरं धर. पारशिवनी झटक्यात आत. काकासाहेबांनी खूश होऊन सगळ्यांना तर्री-पोहे मागवले. पहिली चूक मी अशी पोहे खात खात केली.

दुसरी चूक नारळावर झाली. काकासाहेबांनी नवा लॅपटॉप घेतला आणि त्याचा मुहूर्त काढला. चार वाजून दहा मिनिटं. मला कळलं साडेतीनला. नवं यंत्र नीट उभं करायला निदान एक दिवस लागतो. पण त्याच दिवशी पारशिवनीचं यंत्र पंखा बदलायला माझ्या टेबलावर आलेलं होतं. मी त्याच्या पोटातलं सगळं जसंच्या तसं उचललं आणि लॅपटॉपमध्ये ओतलं. यात काही पाप नाही, सगळे करतात. पण ओतल्यावर दोन गोष्टी बदलायच्या असतात, यंत्राचं नाव आणि यंत्राची किल्ली. कारण त्यांचीही नक्कल झालेली असते. मी काकासाहेबांचं खातं उघडलं, पडद्यावर सूर्यफुलांचं चित्र लावलं, वर हळदकुंकू लावू दिलं, तेवढ्यात चार दहा झाले. नारळ फुटला, पाणी कीबोर्डवर उडालं, मी कीबोर्ड पुसायला धावले, आणि ते बदलणं राहून गेलं. राहिलं ते राहिलंच.

म्हणजे आता जगात दोन पारशिवन्या झाल्या. एक पारशिवनीत, एक नागपुरात, मानेवाड्याला, काकासाहेबांच्या दिवाणखान्यात. दोघींची किल्ली एक, नाव एक, आणि वही उघडायची नाही अशी थोरल्याला माझीच ताकीद. मला याचा पत्ता नव्हता.

आठ महिने सुखात गेले. मग पिंटूचा बायोडाटा बदलला.

पिंटू हा काकासाहेबांचा पुतण्या. पारशिवनीत त्याचं बी-बियाण्याचं दुकान आहे. सरळ पोरगा. उमरेडच्या एका मुलीशी त्याचं जवळजवळ जमलं होतं, हिरवी खूण तेवढी बाकी होती. शुक्रवारी सकाळी मुलीकडून फोन आला, की तुमच्या बायोडाटात काल सकाळपर्यंत "व्यसन: नाही" होतं म्हणे, आज "व्यसन: खर्रा, दिवसातून सहा" असं दिसतंय, यातलं खरं काय?

खरं दुसरंच होतं. ते सगळ्या पारशिवनीला माहीत होतं. पण प्रश्न तो नव्हता. प्रश्न होता, लिहिलं कोणी.

काकासाहेबांनी मला बोलावलं. मी थोरल्यातून नोंद काढली आणि अभिमानानं छापून दिली. आमच्याकडे प्रत्येक बदलाची नोंद असते, हे मीच सुरू केलेलं. कागदावर एकच ओळ होती. "गुरुवार दुपारी तीन. दुरुस्ती करणारे: अध्यक्ष. यंत्र: पारशिवनी."

काकासाहेब उठले, खिडकीतून थुंकून आले, म्हणजे गोष्ट गंभीर होती. "मी गुरुवारी पारशिवनीत होतो काय?"

"नाही."

"मंग माह्यं नाव कोणं लावलं?"

आणि त्यांनी दारावरून माझं पत्रक क्रमांक सात सोलून आणलं आणि माझ्याच पुढे ठेवलं. भरवशाच्या यंत्राचा ताबा ज्याच्याकडे, तो कोणाचंही नाव लावून आत येऊ शकतो. "तूच लिहिलं नं हे? तिथल्या यंत्राचा ताबा कोणाकडे असते? कुंदाकडे. पिंटूचा खर्रा कोणाच्या दारासमोरच्या टपरीवर घोटला जाते? कुंदाच्या. आणखी काय पाह्यजे?"

सहा वर्षांत माझं एकही पत्रक कोणी इतकं लक्ष देऊन वाचलं नव्हतं.

सोमवारी अकरा वाजता समितीची बैठक. त्यात कुंदाताईंनी शाखेच्या चाव्या टेबलावर ठेवायच्या, असं ठरलं.

मी त्यांना फोन केला. मला वाटलं रडतील. त्या रागावल्या होत्या.

"मी कायले करीन वं असं? मले लिहायचं असतं तर पहिल्याच दिवशी नसतं लिहिलं? आणि मी सहा कायले लिहीन? तो आठ खाते."

"ताई, नोंद पारशिवनीची आहे."

"गुरुवारी दुपारी? गुरुवारी दुपारी तर इथं लाईनच नव्हती. पंखा बंद, कंप्युटर बंद. मी तुह्या पत्रकानंच वारा घेऊन राहिली होती. तुह्यं ते यंत्र बिना लाईनचं बी चालते काय?"

मी छापील नोंद पुन्हा वाचली. यंत्र: पारशिवनी.

मग त्या जरा हळू बोलल्या. "पाह्य वैशू, इथं लोक मले कुंदाताई म्हणतात. एसटीचा कंडक्टर म्हणते, मास्तर म्हणतात. घरी मी 'ते कुठी गेली' हाय. चाव्या गेल्या तर मी दिवसभर 'ते कुठी गेली' राहीन. एवढंच सांगते."

फोन ठेवल्यावर मी संतापानं पत्रक क्रमांक आठ लिहायला घेतलं. मथळा, "व्यवस्था दोषी आहे". तीन मागण्या सुचल्या, चौथीही सुचली. पण बिना लाईनचं यंत्र डोक्यातून जाईना.

माझे बाबा पूर्वी हातमागावर होते. ते सांगायचे, कुठला धागा तुटला ते सुलट्या बाजूनं दिसत नाही, कापड उलटं कर. शनिवारी सकाळी मी छापील नोंद बाजूला ठेवली आणि थोरल्याच्या पोटातली मूळ नोंदवही उघडली. त्यात यंत्राच्या नावाबरोबर ते कुठल्या पत्त्यावरून आलं तोही आकडा असतो. गुरुवार, तीन वाजता. तो पत्ता पारशिवनीचा नव्हता. मी मागे मागे गेले. तोच पत्ता रोज सकाळी सात वाजता होता. अध्यक्ष, पारशिवनीहून. अध्यक्ष, पारशिवनीहून. आठ महिने काकासाहेब रोज सकाळी बनियनवर दिवाणखान्यात बसून पारशिवनीहून येत होते, आणि ज्या बाईनं नोंदी ठेवायला सुरुवात केली तिनं त्या एकदाही वाचल्या नव्हत्या. मला सूर्यफुलं आठवली. मग नारळ आठवला. मग माझे कान गरम झाले.

मी कुंदाताईंना लगेच कळवलं. पण कसं कळवलं? सवयीप्रमाणे.

"ताई, तुम्ही सुटलात. यात व्यवस्थेचा दोष आहे."

"व्यवस्था म्हंजे कोण वं?"

"म्हणजे... यंत्रं जशी बसवली गेली ती पद्धत."

"बसवली कोणं?"

"मी."

"मंग व्यवस्था म्हंजे तूच नं. सरळ सांग नं भैताडे, एवढी गोल कायले फिरून राहिली?"

पत्रक क्रमांक आठ मी फाडलं. क्रमांक नऊ लिहिलं. आजवरचं सगळ्यात छोटं.

सोमवारी अकरा वाजता सगळे जमले. कुंदाताई इस्त्रीची साडी नेसून, चाव्या मुठीत धरून बसलेल्या. काकासाहेब मध्यभागी, गाल भरलेला. बैठकीला चिवडा नेहमी काकूंचा असतो, म्हणजे काकासाहेबांच्या पत्नीचा. त्या दर बैठकीला डबा घेऊन येतात, बश्या भरतात आणि दाराजवळच्या स्टुलावर बसून राहतात. त्यांना काकू सोडून दुसरं काही म्हणतात हे मंडळात कोणाला माहीत नव्हतं.

मी उभी राहिले आणि वाचलं.

"जाहीर कबुली. एक, पारशिवनीच्या यंत्राची नक्कल मी केली आणि किल्ली बदलायला विसरले. दोन, नाव पडताळून पाहू नको असं थोरल्याला मीच शिकवलं. तीन, गुरुवारची दुरुस्ती पारशिवनीतून झालेली नाही, ती काकासाहेबांच्या घरून, काकासाहेबांच्या लॅपटॉपवरून झाली आहे. मागणी: चाव्या कुंदाताईंकडेच राहाव्यात. हव्या तर माझ्या घ्या."

"संघटित व्हा" म्हणायला जीभ वळवळली, पण आवरली.

काकासाहेबांनी मान वर केली. "'ाह्या घरून?"

"हो. तुमच्या घरून."

"'ी नाई केलं."

"मी केलं," काकू म्हणाल्या.

चिवड्याचा डबा मांडीवर होता. झाकण लावून त्यांनी तो खाली ठेवला.

"लॅपटॉप उघडाच राह्यते. पासवर्ड मागतच नाही, ह्या पोरीनं सोपं करून देलं. दुपारी हे झोपले होते. मी गेली आत आणि लिहिलं."

काकासाहेबांना बोलायचं होतं. फार बोलायचं होतं. पण गाल भरलेला, आणि खिडकी समितीच्या तीन खुर्च्यांपलीकडे. ते नुसते छताकडे पाहत हात हलवत राहिले.

"काहून लिहिलं ते विचारून राहिले काय?" काकू म्हणाल्या. "सांगते. माह्यं लग्न ह्याच मंडळानं जमवलं. तुमच्या बायोडाटात बी 'व्यसन: नाही' लिहिलं होतं. तुमच्या बाबाच्या अक्षरात. मी ते वाचूनच हो म्हणलं. चौथ्या दिवशी उशीच्या अभऱ्याले डाग दिसला, तर मी समजली, जावई नवा म्हणून माहेरच्याइनं पान खाऊ घातलं असन. पंधरा दिवस मी पानच समजून राहिली. त्या पोरीले कोणं सांगायचं? मले कोणं सांगतलं नाही."

कोणीतरी चिवडा चावला तो सगळ्यांना ऐकू आला.

"सहा काहून लिहिले पण काकू," कुंदाताईंनी न राहवून विचारलं. "तो तर आठ खाते."

"जरा कमी करून लिहिले. आपलाच पोट्टा हाय."

काकासाहेब शेवटी खुर्च्या ओलांडून खिडकीशी पोचले. परत येईपर्यंत कुंदाताईंनी चाव्या पर्समध्ये घातल्या होत्या आणि चेन लावली होती. त्यावर ठराव झाला नाही. गरजही पडली नाही.

माझी नोकरी राहिली, त्याचं कारण माझी कबुली नव्हे. थोरला दुसऱ्या कोणालाही उघडता येत नाही, हे कारण. मला त्याची लाज वाटते आणि मी ती इथं नोंदवते. पिंटूचं म्हणाल तर उमरेडच्या मुलीनं स्वतः फोन केला. म्हणाली, सहा महिने सोडून दाखव, मग बोलू. तो सध्या दिवसभर बडीशेप खातो आणि शेतकऱ्यांवर खेकसतो. हिरवी खूण अजून नाही.

त्या आठवड्यात मी थोरल्याकडची भरवशाच्या यंत्रांची यादी रिकामी केली. घर पाहून आत घेणं बंद. आता प्रत्येकाला आपली किल्ली आणि आपलं गुप्त वाक्य. कुंदाताईंनी वाक्य कुठं लिहून ठेवलंय ते मला माहीत आहे, पण ते मी इथं लिहिणार नाही. भिंतीवर नाही, एवढंच.

किल्ल्या वाटायच्या शेवटच्या दिवशी काकू आल्या. हातात डबा नव्हता.

"मले बी एक किल्ली पाह्यजे."

मी फॉर्म उघडला. "नाव?"

"काकू लिही नं."

"काकू चालत नाही. कळमेश्वरलाही एक काकू आहेत. तुमचं नाव सांगा."

"सासरी सुलोचना ठेवलं होतं. तांदळात लिहिलं होतं ह्यांनी. त्याच्या आधी कमल होतं." मग माझ्या पडद्याकडे पाहत म्हणाल्या, "कमल लिही."

गुप्त वाक्य त्यांनी स्वतः टाकलं. मला पाठ फिरवायला लावली, वर पदराचा आडोसा केला. सहा वर्षांत माझ्या पत्रकाचं इतकं काटेकोर पालन कोणी केलेलं नाही. बरंच लांब वाक्य होतं. मधे एकदा त्यांना हसू आलं.

त्यानंतर मी नोंदी रोज सकाळी वाचते आणि छापून बोर्डावर लावते. दुसऱ्या दिवशी काकासाहेब बोर्डासमोर उभे राहिले. कुंदाताई पारशिवनीहून सह्यांचे कागद घेऊन आलेल्या, त्या माझ्या शेजारीच होत्या. बोर्डावर एकच ओळ होती. जुन्या, मिटलेल्या बायोडाटांमधला एक उघडून त्यात "व्यसन: नाही" खोडून "व्यसन: खर्रा" असं केलेलं. तो बायोडाटा काकासाहेबांचा होता. दुरुस्ती करणारे: कमल.

काकासाहेबांनी ओळ दोनदा वाचली. त्या दिवशी गाल रिकामा होता, त्यामुळे शब्द स्वच्छ आले.

"कमल? कोण हे कमल? कोणाच्या घरची?"

कुंदाताईंनी कागदांवरून मान वर केली नाही.

"घर नका विचारू काकासाहेब," त्या म्हणाल्या. "ते बंद झालं नं आता."